पिरॅमिडचे दगड कोणी ओढले?

मंडळी, चोरखमाऱ्याच्या तलावाकाठी बसून इजिप्तवर बोलायचे म्हणजे जरा गंमतच. पण समोरची ही पाळ बघा. इंग्रजी अमदानीत, १९२३ साली पुरी झालेली. हिच्याहून कितीतरी जुने तलाव या भागात कोहळी समाजाने बांधले, नवेगावबांध तर तुम्हाला माहीतच आहे. ते माणसांनी कसे बांधले असतील, असे कोणी विचारत नाही. फावडे, टोपली, बैल, पावसाच्या आत काम उरकायची घाई, सगळे आपल्या ओळखीचे.

खुफूचा पिरॅमिड म्हटला की मात्र परग्रहवासी येतात! साडेचार हजार वर्षांपूर्वीचे काम, मूळ उंची सुमारे १४६ मीटर, अंदाजे तेवीस लाख दगड. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे एवढे तरी सांगू शकतो: एखादी गोष्ट कशी केली हे आपल्याला सुचत नाही, म्हणून ती त्यांना जमलीच नसेल, हे अनुमान चुकीचे आहे.

आता पुरावा. जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे. पिरॅमिडनंतर सहा-सातशे वर्षांचे असेल. घसरगाडीवर प्रचंड पुतळा, दोर ओढणारी माणसे रांगेने, आणि पुतळ्याच्या पायाशी उभा राहून एकजण पुढच्या वाळूवर पाणी ओततो आहे. बरीच वर्षे लोक म्हणायचे, हा काहीतरी विधी असावा. २०१४ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. वाळूत बेताचे पाणी घातले तर ओढायला जवळपास निम्मे बळ पुरते. कोरडी वाळू गाडीपुढे ढीग होऊन अडते, ओली अडत नाही. पाणी जास्त झाले तर पुन्हा पंचाईत. रोवणीच्या चिखलात बैलगाडी घातलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

वर चढवण्यासाठी उतार केले होते, हे बहुतेक अभ्यासक मानतात. सरळ की वळणाचे, यावर वाद चालू आहे. हतनुबच्या खाणीत २०१८ साली खुफूच्या काळातला तीव्र चढ सापडला. दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवायची भोके. म्हणजे दोर खांबाला वळसा देऊन ओढत असणार.

पण आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो मेरेर. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये प्येर ताले यांच्या पथकाला पपायरस मिळाले. त्यात या मेरेरची रोजनिशी. हाताखाली चाळीसेक माणसे. तुरा इथल्या खाणीतून चुनखडक नावेत भरायचा, नाईलच्या पाण्यावरून गिझाला पोचवायचा, मुक्काम, परत. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. सोबत धान्याचा हिशेब. गिझाला कामगारांची वस्तीही सापडली आहे, पाव भाजायच्या भट्ट्यांसकट. चाबकाखालचे गुलाम हे सिनेमाचे चित्र इथे बसत नाही. सक्ती नव्हतीच, असेही नाही; राजाचे बोलावणे नाकारणार कोण?

मेरेरचे नाव साडेचार हजार वर्षे टिकले. या पाळीवर माती टाकणाऱ्यांना तर अजून सव्वाशे वर्षेही झाली नाहीत. तुमच्यापैकी कोणाच्या आज्याने, आजीने इथे टोपली उचलली असेल, तर चहा घेताना आमच्याजवळ या. वही आणली आहे.