दोन नद्यांमधला बाजार : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे पेडणे

गोमंतकाच्या उत्तर टोकाला असलेला पेडणे महाल दोन नद्यांच्या मध्ये वसलेला आहे. उत्तरेस तेरेखोलची नदी, दक्षिणेस शापोऱ्याची नदी, पश्चिमेस केरीपासून मोरजीपर्यंत पसरलेला समुद्रकिनारा आणि पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत गेलेली डोंगराळ भूमी, अशी त्याची चतुःसीमा. १७८८ च्या तहाने हा महाल सावंतवाडीकरांच्या ताब्यातून पोर्तुगीजांकडे गेला आणि नव्या काबिजादीत गणला जाऊ लागला. राज्यकर्ते बदलले तरी सोयरीक, दैवते, भाषा आणि देवघेव यांचे धागे तुटले नाहीत. पेडण्याच्या माणसाला बांदे जवळचे होते आणि पणजी नदीपलीकडची. नव्या काबिजादीतील लोकांच्या धर्मात व चालीरीतींत ढवळाढवळ करणार नाही, असे नव्या सत्तेने मान्य केले होते. त्यामुळे जुन्या काबिजादीप्रमाणे येथील देवळांना गाव सोडावे लागले नाही. श्रीभगवतीचे देऊळ, त्याच्या दारातील काळ्या पाषाणाचे दोन हत्ती आणि त्या परिसरात वाढलेली पेठ हे पेडण्याचे रूप म्हणूनच अखंड राहिले.

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या अखेरच्या दोन-तीन दशकांत या पेठेचे जीवन कसे चालले होते, हे पाहू गेल्यास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. पेडण्याचा बाजार हा सीमेवरचा बाजार होता. त्याचे पीकपाणी येथल्या मातीत ठरत असे. परंतु त्याची भरती-ओहोटी लिस्बन आणि लंडन येथे झालेल्या करारांनी ठरवली.

आठवड्याच्या बाजारांची या भागातील साखळी आजही तपासून पाहण्यासारखी आहे. सोमवारी बांदे, मंगळवारी सावंतवाडी, बुधवारी डिचोली, गुरुवारी पेडणे आणि शुक्रवारी म्हापसा. फिरत्या विक्रेत्याने सोमवारी गाठोडे उचलावे आणि शुक्रवारी संध्याकाळी ते रिकामे करून घरी परतावे, अशीच ही रचना आहे. राज्यांच्या सीमा तिला ठाऊक नाहीत. ज्या प्रदेशाचे बाजारहाट असे एका दोरीत ओवलेले असतात, तो प्रदेश व्यवहाराने एकच असतो.

पेठेतील कायमच्या दुकानाला गोमंतकात ‘पसरा’ म्हणतात आणि दुकानदाराला ‘पसरकार’. हा शब्द मोठा बोलका आहे. माल पसरून बसणे हेच दुकानदारीचे मूळ रूप. घराच्या ओसरीवर किंवा पुढच्या पडवीत फळ्या लावून पसरा मांडला जाई. मागे कुटुंब राही. गूळ, तेल, मीठ, मिरची, डाळी, विडी-तंबाखू, नारळाचे दोर, कंदील, थोडे कापड असा संमिश्र माल एकाच छपराखाली असे. धान्य वजनापेक्षा मापाने विकण्याची चाल होती. कुडव हे घरोघरी माहीत असलेले माप, आणि वीस कुडवांची खंडी. शेताचा आकार, कुळाचा खंड आणि लग्नातील जेवणावळीचा अंदाज हे सारे खंडी-कुडवांत बोलले जाई.

नाण्यांचा व्यवहार मात्र इतका सरळ नव्हता. अशर्फी, टंगा, रेइस या पोर्तुगीज हिशेबाबरोबर सीमेपलीकडचे रुपये-आणे-पैही चालत आणि प्रत्येक व्यवहारात बट्ट्याचा प्रश्न येई. १८८१ पासून कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेली पोर्तुगीज हिंदुस्थानची नवी चांदीची नाणी आली. हा रुपया वजनाने व कसाने ब्रिटिश रुपयासारखाच होता. सोळा टंग्यांचा एक रुपया, साठ रेइसांचा एक टंगा, म्हणजे टंगा हा आण्याच्या बरोबरीचा झाला. एका बाजूला लुईश राजाचा मुखवटा असलेला रुपया आणि व्हिक्टोरियाच्या छापाचा रुपया यांत पसरकाराला भेद करण्याचे कारण उरले नाही.

रोख पैसा मात्र सामान्य कुटुंबाच्या हाती वर्षातून थोडेच दिवस येई. गावचा गाडा बलुत्यावर चालत असे. सुताराने नांगर-जू करून द्यावे, लोहाराने फाळ व कोयते शेवटावेत, न्हाव्याने हजामत करावी, मडवळाने कपडे धुवावेत आणि सुगीच्या वेळी प्रत्येकाने खळ्यावरून आपला वाटा उचलावा, ही रीत. कुंभाराची मडकी, बुरुडकामाच्या टोपल्या व सुपे हेही बहुधा धान्यावरच मिळत. तेल्याचा घाणा, सोनाराची शेगडी आणि शिंप्याची सुई ही पेठेत नांदणारी. त्यांचा संबंध रोकडीशी अधिक. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी व पाट, कासारांच्या बांगड्या, घाटावरचे कांबळे हा माल बाजाराच्या दिवशी किंवा जत्रेत येई.

दोन नद्यांनी आणखी काही व्यवसाय जगवले होते. पूल नसलेल्या काळात प्रत्येक वाट तरीवर येऊन थांबे आणि तारी हा वाटसरूचा व व्यापाऱ्याचा नित्याचा सोबती होता. कोलवाळ, शिवोली-चोपडे, केरी-तेरेखोल येथील उतारांवरून माणसे, गुरे आणि माल पार होत. शापोऱ्याच्या खाडीतून पडाव व होड्या नारळ, लाकूड, कौले वाहून नेत. खारवी व गाबीत मासे पकडत. पावसाळ्याच्या बेगमीसाठी, ज्याला गोमंतकात पुरुमेंत म्हणतात, त्यांच्या सुक्या मासळीला घरोघरी मागणी असे. माडांवर रेंदेर चढत आणि सूर काढत. त्या सुरेपासून गूळ, शिरका व दारू होई. आणि आगरवाड्यासारख्या गावांच्या काठी मिठागरे होती, त्यांची साक्ष त्या गावाचे नावच देते. पौषापासून वैशाखापर्यंत खाडीचे पाणी कोंडून, उन्हात आटवून मीठ ओढायचे आणि मृगाच्या आधी त्याचे ढीग झाकायचे, असा मिठागरीचा वर्षक्रम. येथले मीठ घाटाच्या वाटेने वर जाई आणि परतीच्या बैलांवरून धान्य, मिरची व गूळ खाली उतरे.

शेतमालाची विक्री हा या साऱ्या व्यवहाराचा कणा. परंतु शेतकरी आपला माल घेऊन बाजारात उभा राहिला आणि भाव करून विकून आला, असे क्वचितच घडे. पीक हाती येण्यापूर्वीच त्याचे बरेचसे विकले गेलेले असे. भाटकाराचा खंड आधी मोजायचा, किंवा अर्धेलीने केलेल्या शेताचा निम्मा भाग द्यायचा. त्यानंतर बलुती. त्यानंतर पसरकाराची वही. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली की खावटीसाठी भात उसने घ्यावे लागे आणि ते वाढीदिढीने, म्हणजे एका खंडीला दीड खंडी या मानाने, सुगीला फेडावे लागे. सुगीला भात स्वस्त असे, तेव्हा कुळाने ते द्यायचे. पावसाळ्यात महाग असे, तेव्हा घ्यायचे. बागायतीतही तीच तऱ्हा. नारळ शेकड्याने विकला जाई; पाडेली झाडावर चढून पाडप करी आणि व्यापारी अंगणातच मोजणी करून घेई. काजू-आंब्यांची झाडे मोहर पाहून उक्ती देण्याची चाल होती. अडलेल्याने उक्ते द्यावे आणि सावरलेल्याने घ्यावे, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो सर्वांना पाठ होता.

शेतीशी निगडित अशी उघड विक्री म्हणजे ‘पावणी’. बोलीवर बोली चढवून होणाऱ्या लिलावाचे हे गोमंतकी नाव. गांवकरीची शेते ठराविक मुदतीसाठी पावणीने कसावयास दिली जात. खाजन जमिनींच्या बांधांवरील मानशीत भरती-ओहोटीबरोबर सापडणाऱ्या मासळीचा हक्कही पावणीने जाई. देवळात अर्पण झालेली फळे, नारळाचे घड, कोंबडे यांचीही पावणी होई आणि भाविक भावापेक्षा अधिक बोली लावीत. एकाच शब्दाखाली गरज, चढाओढ आणि श्रद्धा अशी तिन्ही वावरत. मात्र गांवकरीच्या पावणीत जामीन लागे. ज्याच्या मागे जामीन उभा राहणारा नाही, त्याला बोलीचा अधिकार असून नसल्यासारखा होता.

अशा या पेठेवर २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराचे सावट पडले. १८८० च्या जानेवारीत तो अंमलात आला आणि बारा वर्षे टिकला. दोन्ही हिंदुस्थानांमधील जकात उठली. बांद्याहून पेडण्यास येणाऱ्या बैलावरचे ओझे आता नाक्यावर सोडून दाखवावे लागत नव्हते. सामायिक नाणे याच व्यवस्थेचे फळ. मुरगावचे बंदर व लोहमार्ग हीही याच कराराची निष्पत्ती. १८८८ च्या सुमारास ती वाट घाटावरच्या रेल्वेला जोडली गेली. १८८२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील बहुतेक आयातकर रद्द झाले, तेव्हा विलायती कापड गोमंतकातही स्वस्त झाले. पुढे राकेल आले आणि घाण्याच्या तेलाचा दिव्यातील मान गेला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे दिवस बरे होते.

किंमत मोजली ती मिठागरी आणि रेंदेर यांनी. करारान्वये गोमंतकातील मिठाचे उत्पादन ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली गेले. त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. देखरेखीस गैरसोयीची अशी अनेक मिठागरे बंद करण्यात आली. जेथे मीठ पिकत होते तेथेच ते महाग झाले. अबकारीची पद्धतही मुंबई इलाख्याच्या धर्तीवर आली आणि सूर काढण्याच्या माडावर कर बसला. पणजीच्या तिजोरीत जे चार लाख जमा झाले, त्यांतील एक टंगाही ज्याचे आगर बुजले त्याच्या झोपडीपर्यंत पोचला नाही. मीठ गेले की त्याबरोबर मासे खारवणारा, मीठ वाहणारा बैलवाला आणि बदल्यात धान्य घेणारी कुटुंबेही अडचणीत येतात. बाजाराची सीमा मोकळी झाली, तेव्हा बाजाराचा जुना पाया मात्र खचला. मुंबईच्या वाटेला लागलेल्या गोमंतकीयांची संख्या याच दशकांत वाढत गेली, हे योगायोगाने घडले असे म्हणवत नाही.

१४ जानेवारी १८९२ रोजी कराराची मुदत संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. जकातनाके पुन्हा उभे राहिले. ब्रिटिश हद्दीत १८८८ पासून मणामागे अडीच रुपये मीठकर होता. त्यामुळे नदीच्या दोन काठांवरील मिठाच्या भावात मोठे अंतर पडले आणि जे काल वाणसामान होते ते आज चोरटा माल ठरले. तेरेखोलच्या पात्रात रात्रीच्या होड्यांना काम मिळाले. तशात १८९५ साली सैनिकांचे व सत्तरीच्या राण्यांचे बंड पेटले आणि १८९६ पासून मुंबईत प्लेगचा कहर सुरू झाला. व्यापाराच्या दोन्ही वाटा धास्तीने भरल्या.

तरीही पेठ मोडली नाही. तिला तगवणारी गोष्ट म्हणजे वहीवरचा विश्वास. ज्या वर्षी रोकड नसे त्या वर्षी खाते पुढे ओढले जाई. दिवाळीत नव्या वहीचे पूजन होई आणि पहिल्या पानावर मागील बाकी उतरवली जाई. या विश्वासात शोषण होते, हे वाढीदिढीने स्पष्ट होते. परंतु त्यात आधारही होता. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पेडण्याची पुनव. कोजागरीला रवळनाथ-भूतनाथाच्या उत्सवास लोटणारा जनसमुदाय नाक्यांना जुमानणारा नव्हता. सावंतवाडी भागातील भाविक आणि म्हापशाकडील दुकानदार एकाच माळावर येत. खाज्यांचे ढीग, बांगड्या, भांडी, खेळणी यांनी रस्ता फुलून जाई. नव्या भाताच्या तोंडावर येणारी ही जत्रा म्हणजे साऱ्या वर्षाच्या देण्याघेण्याचे सांधणेच होते.

पुढे १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि तेरेखोलवरची सीमा परकी राहिली नाही. १९६४ च्या कूळ कायद्याने खंड-अर्धेलीची व्यवस्था बदलली, १९७५ च्या कायद्याने मुंडकारांना संरक्षण दिले. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या पठारावर विमानतळाचे उद्घाटन झाले. लिस्बन-लंडनच्या जागी आता दुसरी दूरची गावे पेडण्याचे भाव ठरवू लागली आहेत. अशा वेळी कोणाच्या लाभासाठी कोणाचे आगर बुजते, हा एकोणिसाव्या शतकातला प्रश्न जुना झाला, असे म्हणता येणार नाही.

त्या काळाचे सरकारी बाजूचे कागद पोर्तुगीज व इंग्रजी दप्तरांत सुरक्षित आहेत. करार, जकात, उत्पन्न यांचे आकडे तेथे सापडतात. परंतु रेंदेराने मिरचीच्या बदल्यात काय दिले, मिठागरीची बाकी कोणत्या वर्षी थकली, हे लिहिलेले असते ते पसरकाराच्या मोडी लिपीतील वह्यांत. अशा वह्या जुन्या घरांच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी जात आहेत आणि मोडी वाचणारेही विरळ होत चालले आहेत. ग्रंथालयाने ग्रंथ जपावेत हे तर खरेच. परंतु या शतकमहोत्सवी वर्षात सभासदांनी व आश्रयदात्यांनी घरातल्या जुन्या वह्या झाडून-पुसून वाचनालयाच्या स्वाधीन केल्या, तर मिठागरी आणि रेंदेर यांचा इतिहास त्यांच्याच हिशेबातून वाचता येईल. ज्यांची नावे कोणत्याही करारावर नाहीत, त्यांची नावे निदान तेथे आहेत.