डिस्क नव्हे, उंबरठा

१९९३ साली आलेला 'डूम' हा खेळ ज्यांनी डॉसवर खेळला, त्यांना सुरुवातीला पडद्यावर उमटणारी 'डॉस/४जीडब्ल्यू' ही अक्षरं आठवत असतील. मॅसॅच्युसेट्समधल्या रॅशनल सिस्टिम्सचा हा डॉस एक्स्टेंडर. त्याच राज्यातल्या फार लॅपचाही असाच एक होता. आज विस्मरणात गेलेल्या या सॉफ्टवेअरनं तेव्हा मोठी अडचण सोडवली आणि एक नवी निर्माणही केली.

मूळ अडचण मेमरीची. डॉस लिहिलं गेलं ८०८८ या प्रोसेसरसाठी, म्हणून त्याची नजर १ एमबीपलीकडे जात नसे. १९८५ च्या ८०३८६ ला प्रोटेक्टेड मोडमध्ये ४ जीबीपर्यंतची मेमरी दिसे. एक्स्टेंडरमुळे प्रोग्राम वरच्या मजल्यावर राहायला गेला, पण डिस्कवरच्या फाइलींचा कारभार खाली डॉसकडेच राहिला. फाइल वाचायची तर दर खेपेला मोड बदलून खाली उतरायचं, डॉसनं १ एमबीखालच्या बफरमध्ये माहिती ठेवायची, पुन्हा मोड बदलायचा आणि ती माहिती वर नकलून घ्यायची.

त्या काळात माझ्या इथल्या पहिल्या नोकरीत हिशेबाचा एक प्रोग्राम नव्या मशीनवर नेला, तर तो जुन्यापेक्षाही रेंगाळू लागला. साहेबांनी वेगवान डिस्क मागवली. फरक जेमतेम. प्रोग्राम लिहिणारा आमच्यातलाच, नुकताच भारतातून आलेला. बोल त्याला लागला. पुढे त्यानंच दोष शोधला. प्रोग्राम एकेक नोंद स्वतंत्रपणे मागत होता. १०० बाइटांची एक, अशा १ लाख नोंदी म्हणजे १ लाख खेपा. १६ केबीचा गठ्ठा एकदम उचलला, तर खेपा साधारण ६००. डिस्क तीच, पण काम झटपट होऊ लागलं.

पुढे मायक्रोसॉफ्टनं हा उंबरठाच काढायला घेतला. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ३२-बिट डिस्क ॲक्सेस आला, १९९३ च्या विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११ मध्ये ३२-बिट फाइल ॲक्सेस, आणि विंडोज ९५ मध्ये हाच नेहमीचा मार्ग झाला. फाइल वाचायला डॉसपर्यंत उतरायची गरज बहुतेक वेळा उरली नाही.

आता डिस्कही बदलल्या. पण एखादा प्रोग्राम रेंगाळला की मी आधी खेपा मोजतो, आणि माणसाला बोल लावायचं त्यानंतर बघतो.