पट्ट्यातली हवेची पिशवी : कळतं पण वळत नाही

मागे एका विमानप्रवासात आम्हाला पहिल्या रांगेतली जागा मिळाली. पाय पसरायला ऐसपैस जागा, समोर भिंत. पण कमरेचा पट्टा नेहमीपेक्षा जाडजूड. त्यात हवेची पिशवी घडी करून शिवलेली असते, हे नंतर कळलं. आज त्या पिशवीचा इतिहास पाहू. तो यंत्राचा जेवढा आहे, तेवढाच विचाराचा आहे.

‘विमान पडलं म्हणजे संपलंच’ असं आपण सहज म्हणून जातो. ह्यू डीहेवन या गृहस्थाने ते मानलं नाही. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचं शिक्षण घेताना त्याचं विमान कोसळलं. तो वाचला, पण पोटात गंभीर इजा झाली. पट्ट्याच्या बकलानेच ती केली असावी, असं त्याला वाटलं. म्हणजे अपघाताचं कारण एक आणि इजेचं कारण दुसरं! तर्कशास्त्रात हा भेद साधा आहे, पण व्यवहारात त्याने क्रांती केली. उंचावरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास त्याने 1942 मध्ये प्रसिद्ध केला.

पुढे जॉन स्टॅप आले. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर. 10 डिसेंबर 1954 रोजी ते रॉकेटच्या गाडीवर स्वतः बसले. ताशी सुमारे 1,017 किलोमीटर वेगावरून ती गाडी दीड सेकंदाच्या आत थांबली. गुरुत्वाकर्षणाच्या 46 पट जोर त्यांनी सोसला, आणि जगले. अर्थात, त्यांना नीट जखडून बांधलं होतं. माणूस आपण समजतो तितका नाजूक नाही. प्रश्न त्याला कसं धरून ठेवलंय याचा आहे.

प्रवाशाला मात्र फक्त कंबरेशी धरलेलं असतं. धक्का बसला की धड पुढे दुमडतं आणि डोकं गोफणीसारखं फिरतं. पूर्वीच्या नियमात आसनाने 9 पट जोर सोसला की पुरे होतं. अमेरिकेने 1988 मध्ये नवा नियम केला : आसनावर पुतळा बसवून 16 पट जोराचा धक्का द्यायचा, आणि आसन टिकलं का एवढंच नव्हे, तर डोक्याला किती मार बसला हेही मोजायचं. नियमाचा विषय खुर्ची होता, तो माणूस झाला!

इथे पहिली रांग अडली. मागच्या रांगांत समोरच्या आसनाची पाठ पुढे झुकून मार थोडा झेलते. भिंत कशी झुकणार? आसनं मागे सरकवावीत, तर रांगा कमी होतात. तोडगा निघाला तो पट्ट्यातल्या पिशवीचा. फिनिक्सच्या ॲमसेफ कंपनीच्या अशा पिशव्या 2001 पासून प्रवासी विमानांत आल्या. आसनाखालच्या संवेदकाला मोठा धक्का जाणवला की नळकांड्यातला दाबलेला वायू पिशवीत शिरतो. मोटारीतली पिशवी समोरून अंगावर येते. ही मांडीवरून पुढे उघडते, डोकं झेलते आणि लगेच सैलावते.

कुणी म्हणेल, ‘मग सगळ्यांनाच का नाही?’ रास्त प्रश्न. पण ही पिशवी पहिल्या रांगेचा मान नव्हे, भिंतीची भरपाई आहे. समान संरक्षण म्हणजे सर्वांना तीच वस्तू, असं नसतं.

आम्हाला बोचतं ते वेगळंच. 1988 चा नियम होता नव्या रचनेच्या विमानांना. जुन्याच रचनेची विमानं पुढेही तयार होत राहिली. त्यांतल्या नव्या विमानांनाही 16 पटींची आसनं सक्तीची झाली ती ऑक्टोबर 2009 पासून. मध्ये 21 वर्षं गेली. खर्चाचा हिशेब होता, मान्य. पण त्या काळात जुन्या आसनांवर जी माणसं बसली, त्यांना तो हिशेब कुणी विचारला होता? ‘कळतं पण वळत नाही’ हे आपण व्यक्तीबद्दल बोलतो. संस्थांनाही ते लागू आहे.

तेव्हा पुढच्या वेळी जाड पट्टा हाती आला, तर कुरकुर न करता तो नीट आवळा. त्या शिवणीत डीहेवनची जखम आहे.