गॅलन नेमका केवढा?

गॅलनचे चार क्वार्ट, क्वार्टचे दोन पिंट, पिंटचे चार गिल: इंग्रजी मापांचा हा हिशेब किचकट म्हणून बदनाम आहे. पण खरा घोळ या पटींमध्ये नव्हता, खुद्द गॅलनमध्येच होता. इंग्लंडात वाइनचा गॅलन २३१ घनइंचांचा, एल या बिअरचा २८२ आणि धान्याचा सुमारे २६९ घनइंचांचा असे. १८२४च्या कायद्याने ६२ अंश फॅरनहाइट तापमानाच्या दहा पौंड पाण्याएवढा एकच गॅलन ठरवला, तो ४.५४६ लिटर भरतो. अमेरिका मात्र वाइनच्या जुन्या गॅलनलाच धरून राहिली, म्हणून तिथला गॅलन आजही ३.७८५ लिटरचाच.

तरी दशमान पद्धतच सोपी नाही का, असे कोणी विचारेल. कागदावर ती सोपी आहेच, आणि दूरच्या व्यापाराला तिचाच आधार. पण पिंपापाशी उभ्या विक्रेत्याला भागाकार नको असतो. निम्मे आणि निम्म्याचे निम्मे त्याला ओतून पडताळता येते, दशांश तसा येत नाही. आपल्याकडेही दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली याच सोयीवर पिढ्यानपिढ्या चालली.