ग्लोव्ह्ज कुणासाठी?

भाचीने बॉक्सिंगचा क्लास लावलाय. परवा तिच्याबरोबर ग्लोव्ह्ज घ्यायला गेलो. तिला १० औंसांचे आवडले. "मामा, हात बघ कसा झपकन चालतो!" दुकानदार म्हणाला, जोडीने सराव करणार असाल तर १६ औंसांचे न्या. म्हणजे एकेक हात साडेचारशे ग्रॅमचा! बाईसाहेब हिरमुसल्या. काहीच न घेता परतलो आणि मी वाचत बसलो.

१७४३ मध्ये लंडनच्या जॅक ब्रॉटनने मुष्टियुद्धाचे पहिले लेखी नियम केले. सामने उघड्या मुठींनीच व्हायचे. पण त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या बड्या घरच्या मंडळींचे डोळे काळेनिळे होऊ नयेत, जबडे मोडू नयेत म्हणून त्याने गुबगुबीत 'मफलर' काढले. म्हणजे हा ग्लोव्ह जन्मला तोच मुळी तालमीत, आणि तोही समोरच्यासाठी!

पुढे १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी तो सामन्यात आणला. गंमत अशी, की उघड्या मुठीने कवटीवर जोरात मारलं तर आपलीच हाडं मोडतात. ग्लोव्हमुळे मूठ वाचली, आणि डोक्यावर बिनधास्त ठोसे बसू लागले. जाड गादीने हादरा कमी होतो, पण मेंदूपर्यंत पोचायचा थांबत नाही.

हे सगळं भाचीला सांगितलं. म्हटलं, "रोज तुझ्यासमोर जी मैत्रीण उभी राहणार, तिच्यासाठी निवड." ती काही बोलली नाही. काल १६ चे घेऊन आली.

डोक्यावर हळू मारा, हे मात्र दोघींनाही सांगायचंय.