गिरणी बंद पडल्यावर पगार कोण देणार? नागपूर आणि बेकारी विम्याचा राहून गेलेला कायदा

१/
मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात अमेरिकेत बेकारी विम्यासाठी ६० लाखांहून अधिक नवे अर्ज दाखल झाले. कोणत्या राज्यात किती, हे पुढच्याच गुरुवारी साऱ्या जगाला समजले. त्याच उन्हाळ्यात, मनीषनगरच्या रेल्वेमार्गापलीकडील वर्धा मार्गाने दक्षिणेतून आलेले मजूर डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेकडे चालत होते. पांजरी टोलनाक्यावर स्वयंसेवकांनी त्यांना अन्नपाणी दिले. मात्र त्यांच्यापैकी कितीजणांचा रोजगार गेला, हे सांगणारा साप्ताहिक आकडा आपल्याकडे नव्हता. अर्ज करण्याची खिडकीच नसेल, तर अर्ज मोजणार कोण? ती खिडकी का उघडली नाही, हा आजच्या धाग्याचा विषय आहे.

२/
प्रथम पार्श्वभूमी. ब्रिटनने १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने जहाजबांधणी, बांधकाम, यंत्रनिर्मिती अशा मोजक्या धंद्यांतील कामगारांना बेकारी विमा दिला : आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९३२ मध्ये पहिला कायदा केला. १९३५ च्या संघीय कायद्याने इतर राज्यांनाही त्या मार्गावर आणले. तेथे प्रत्येक राज्याचा निधी वेगळा आणि भत्त्याचा दरही वेगळा, म्हणूनच आकडे राज्यवार येतात.

३/
आता नागपूर. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित करण्यात आले. त्याच दिवशी जमशेटजी टाटांची गिरणी येथे सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. या गिरणीने १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी उभारला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला. कायद्याची सक्ती नसताना केलेल्या या गोष्टींचे मोल कमी लेखू नये. परंतु म्हातारपण आणि अपघात यांची तरतूद झाली, तरी काम सुटण्याची झाली नाही.

४/
ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जागतिक मंदीला तोंड फुटले. त्यानंतर काही आठवड्यांतच नागपुरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले आणि तेथेच संघटना फुटली. वादाचा एक मुख्य मुद्दा होता रॉयल कमिशनवरील बहिष्कार. कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली हा आयोग नेमला गेला होता आणि ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. बहिष्काराचा ठराव झाला, आणि संघटनेच्या स्थापनेपासून तिच्यात असलेले जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले.

५/
व्हिटली आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. राष्ट्रीय पातळीवरील बेकारी विमा सध्या व्यवहार्य नाही, असे त्याने सांगितले. कामगारांची सततची ये-जा, अफाट लोकसंख्या ही कारणे होतीच. पण त्या विचारामागे आणखी एक गृहीतक होते. भारतीय गिरणीकामगार मनाने खेडूतच आहे, गावाशी असलेले त्याचे नाते ही जमेची बाजू आहे आणि ते टिकवावे, असे आयोगाचे मत होते. थोडक्यात, काम गेले तर गाव सांभाळील.

६/
येथे जरा थांबू. हे गृहीतक निव्वळ खोटे नव्हते. संकटात माणसे गावी जातच होती. पण नागपूरच्या गिरणीला कापूस पुरवणारा प्रदेश आणि तिला माणसे पुरवणारा प्रदेश बऱ्याच अंशी एकच होता. मंदीत कापसाचे भाव कोसळले, तेव्हा ज्या शेतात परत जायचे तेच शेत कर्जात बुडत होते. विमा कंपनी आणि विमेदार एकाच नावेत बसले असतील, तर तो विमा कसला? शिवाय गावाने सांभाळायचे म्हणजे प्रत्यक्षात घरातील स्त्रियांनी आणि भावंडांनी आपल्या ताटातले वाटून द्यायचे. हा हप्ता कोणत्याही अहवालात नोंदला गेला नाही.

७/
स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सादर केली. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५४ मध्ये ही योजना नागपुरातही आली. आजारपण, प्रसूती, कामावरील इजा हे सर्व त्यात होते. बेकारी नव्हती.

८/
बेकारीसाठी वेगळी वाट निघाली. १९५३ च्या दुरुस्तीने ‘ले-ऑफ’च्या काळात निम्मे वेतन आणि कपात झाल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन मालकावर बंधनकारक झाले. फरक लक्षात घ्या : ही विम्याची रक्कम नव्हे, मालकाचे देणे आहे. मालकच बुडाला तर कामगार देणेकऱ्याच्या दारातील एक धनको ठरतो.

मग १९५८ मध्ये मुंबई राज्याने (तेव्हा विदर्भ त्यातच होता) ‘रिलीफ अंडरटेकिंग’ कायदा केला. बेकारी टाळण्यासाठी सरकारने आजारी गिरणी चालवायची किंवा तिला साहाय्य द्यायचे, आणि त्या काळात तिची जुनी देणी व काही कामगार कायदेही स्थगित ठेवता यायचे. म्हणजे भत्ता देण्याऐवजी गिरणीच चालू ठेवायची. माझ्या मते महाराष्ट्राचा खरा बेकारी विमा कित्येक वर्षे हाच होता, आणि तो फार महागडा होता.

९/
१९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ च्या सुमारास जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडून आजही ऐकू येतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम, न दिल्यास भत्ता. भत्ता दिवसाला किमान १ रुपया, म्हणजे नावापुरताच. तरी हक्क कायद्यात आला.

पैसा कोठून आला? वेतनचिठ्ठीवर दरमहा कापले जाणारे २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) पाहिले असतील. तो व्यवसाय कर १९७५ मध्ये मुख्यतः या योजनेसाठी सुरू झाला. शहराने कर भरावा, गावाला काम मिळावे. व्हिटली आयोगाने गृहीत धरलेल्या गावामागे प्रथमच शहराचा पैसा उभा राहिला.

१०/
मात्र शहरातच ज्याचे काम गेले, तो या हमीबाहेर राहिला. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य सरकारने कायदा करून ताब्यात घेतली आणि २००२ मध्ये ती कायमची बंद झाली. कर्मचारी राज्य विमा योजनेत बेकारी भत्ता आला १ एप्रिल २००५ रोजी. तीन वर्षांचा हा उशीर मला आकडा म्हणून वाचता येत नाही.

११/
२०१८ च्या ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’त ९० दिवसांपर्यंत वेतनाच्या २५ टक्के भत्ता होता, २०२० मध्ये तो ५० टक्के झाला आणि पूर्वीच्या मालकामार्फत अर्ज करण्याची अटही सुटली. पण दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन आणि नोंदलेली नोकरी हवी. बुटीबोरी वा हिंगण्याच्या कारखान्यातील कायम कामगार त्यात बसू शकत होता. पांजरी नाक्यावरून चालत गेलेला, ठेकेदाराकडील नोंद नसलेला गवंडी बसत नव्हता. तो निघाला होता गावाकडे.

१२/
पुढील धागा सोलापूरवर : १९४९ मध्ये बंद पडलेली गिरणी, तिच्यासाठी १९५० मध्ये झालेला स्वतंत्र कायदा आणि थेट सर्वोच्च न्यायालयात गेलेला भागधारक.