उकिरडा नको, हवेशीर हौद हवा : घरच्या ओल्या कचऱ्याचं खत असं करा

भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा, अंगणातला पालापाचोळा. पूर्वी हे सगळं परसातल्या उकिरड्यावर जायचं. आता बऱ्याच घरांतून ते कॅरीबॅगमध्ये बांधून घंटागाडीत, नाहीतर थेट ओढ्याकाठी जातं. तिथं पिशवीसकट ते जनावरांच्या पोटात जातं आणि ढीग पेटवला की धूर गावातच येतो.

ढिगात नेमकं काय होतं?

ओला कचरा हवेविना दाबून राहिला की सडतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. १०० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साईडपेक्षा सुमारे २८ पट जास्त तापमान वाढवतो. शिवाय तो पेट घेतो. मुंबईच्या देवनार डम्पिंग ग्राउंडला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीत पडला. पाणी खराब झालं म्हणून तिथल्या ग्रामस्थांना वारंवार आंदोलन करावं लागलं.

हाच कचरा हवेत कुजला तर मिथेन फार कमी बनतो आणि हाती खत येतं. सगळा फरक हवेचा आहे.

मग उकिरडा चालत नाही का?

खोल उकिरड्यात तळापर्यंत हवा पोचत नाही, पावसाळ्यात पाणी साचतं. वरचं वाळतं, खालचं सडतं. असं कच्चं खत शेतात टाकलं की तणाचं बी आणि हुमणीच्या अळ्याही सोबत जातात.

पुसदचे ना. दे. पांढरीपांडे म्हणजेच नाडेपकाका यांनी यावर उपाय काढला. जमिनीवर १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असा विटांचा हौद आणि भिंतींना हवेसाठी भोकं. त्यात ३ ते ४ महिन्यांत खत तयार होतं.

एका घरासाठी काय करायचं?

घरच्या कचऱ्याला ३ फूट लांब, रुंद आणि उंच हौद पुरे. सिमेंटही लागत नाही.

१. सावलीत, पाणी न साचणाऱ्या जागी विटा फटी ठेवून रचा.
२. तळाला काड्या, तुराट्या किंवा पऱ्हाट्या टाका.
३. एक बादली ओला कचरा टाकला की त्यावर दोन ते तीन बादल्या सुका पाला टाका.
४. प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडा, मूठभर माती पसरा.
५. आठ-दहा दिवसांनी फावड्याने वर-खाली करा.
६. पावसाळ्यात वर पत्रा टाका.

ओल कशी ओळखायची? मूठभर माल दाबा. एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर सुका पाला वाढवा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा.

प्लास्टिक, काच, औषधं, सेल, डायपर यात टाकू नका. मटणाची हाडं आणि तेलकट अन्नही नको, कुत्री आणि उंदीर येतात.

काही बिघडलं तर?

घाण वास : ओल जास्त, हवा कमी. पाला मिसळून उलथा.
मुंग्या : ढीग सुकलाय. पाणी द्या.
ढीग तापत नाही : शेणकाला वाढवा, ओल बघा. ढीग चांगला असेल तर आतून हाताला चटका बसेल इतका तापतो. घाबरू नका, त्याच उष्णतेने तणाचं बी मरतं.

खत झालं कधी समजायचं?

हौद भरल्यावर साधारण तीन महिन्यांनी माल काळा, भुसभुशीत होतो. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, मूळ साल-देठ ओळखू येत नाही. मग चाळून परसबागेत, कुंडीत किंवा शेतात वापरा. चाळणीवर राहिलेलं पुन्हा हौदात टाका.

मोठी नाडेप टाकी बांधायची असेल तर सध्या कोणत्या योजनेतून मदत मिळते, हे आधी ग्रामपंचायतीत विचारा. घरच्या हौदासाठी मात्र कुणाची वाट बघायची गरज नाही. चार जुन्या विटा गोळा करा आणि उद्याच सुरुवात करा.